पांढऱ्यावर पांढरं

वेबसाइट बनवणं हे गळका नळ दुरुस्त करण्यापेक्षा सोपं काम आहे! हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी दोन्ही कामं केली आहेत. नळाचं काम चुकलं तर तो निदान तोंडावर पाणी उडवतो. वेबसाइट बिचारी गरीब गाय. तिचं काहीही करा, हूं की चूं नाही!

असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं.

माझी सगळी हयात नळजोडणीत गेली. भिंती फोडल्या, पाइप टाकले, भिंती बुजवल्या. लाल ठिपक्याची तोटी गरम पाण्याची आणि निळ्या ठिपक्याची थंड, एवढ्या विद्येवर मी संसार केला. लिहायला-वाचायला शिकलो तोवर डोक्यावरचे केस गेले होते आणि उरलेले मिशीत पांढरे होऊन बसले होते. आमच्या प्रौढांच्या वर्गाच्या बाई भारी कडक. "खोडायचं नाही!" हा त्यांचा पहिला नियम. त्यांचंही बरोबर होतं. आम्ही सगळे पाने-हातोडे चालवलेले लोक. आम्ही खोडरबर घासला की चुकीबरोबर कागदही जायचा आणि खालचं बाक दिसायला लागायचं. म्हणून बाईंनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. चुकलं की वर पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर नव्याने लिहायचं. वर्षअखेर माझी वही उशीएवढी जाड झाली होती. पण वरून बघाल तर एक चूक सापडायची नाही!

हा संस्कार घेऊन मी वेबसाइटच्या कामात उतरलो.

उतरलो ते बायकोसाठी. ती आणि तिची थोरली बहीण मिळून लॉन्ड्री चालवतात. एका टबावर सुरू केलेलं दुकान आज चार पिंपाएवढी मशिनं घरघरवत उभं आहे. दारावर बायकोने स्वतः रचलेली पाटी आहे: "आम्ही डाग झाकत नाही, काढतो." या पाटीवर तिचा जीव आहे. एखादा डाग निघाला नाही तर ती जेवताना त्याच्याबद्दल बोलते, जसं लोक बिघडलेल्या मुलाबद्दल बोलतात.

आणि मग रस्त्यापलीकडे नवी लॉन्ड्री उघडली. काचेचं दार, आत सोफा, कोपऱ्यात फुकट कॉफी देणारं यंत्र! आमची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. काही तर आमच्याकडचे कपडे घेऊन थेट तिकडे कॉफी प्यायला जात. शेवटी एकदा जेवताना बायको म्हणाली, "हा महिना बघायचं. नाहीतर शटर ओढायचं."

एवढंच. भांडीसुद्धा आपटली नाहीत. ती भांडी आपटत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"समोरच्यांची वेबसाइट आहे," मेव्हणीबाई म्हणाल्या. "आपली कुठे आहे?"

"आहे ना! म्हणजे होईल. मी आहे ना!" मी म्हणालो.

दोघी बहिणींनी माझ्याकडे पाहिलं. गंजाच्या डागाकडे त्या अशाच बघतात.

पण मी मागे हटणारा नव्हे. फुकट मिळणारं एक तयार पान घेतलं आणि त्यातला मजकूर बदलायला बसलो. पहिल्याच सपाट्यात मला एक टोकदार कंस उगाच पडलेला दिसला. ना शब्द, ना अर्थ. म्हटलं, हा कशाला? काढला! आणि अख्खं पान कोसळलं! पत्ता डोक्यावर गेला, पाटी पायाशी आली आणि फोटोतल्या मेव्हणीबाई आडव्या झाल्या! तो कंस परत जागेवर बसवेपर्यंत मला घाम फुटला. त्या क्षणी मला आमच्या बाई आठवल्या. खोडायचं नाही! झाकायचं!

झालं, युक्ती सापडली. पान पांढरं, तर नको असलेल्या ओळीचा रंगही पांढरा करायचा. ओळ आहे तिथेच राहते, कंस आपापल्या जागी राहतात आणि दिसत काहीच नाही. तिच्याखाली नवी ओळ काळ्या रंगात लिहायची. मध्ये फारच मोकळी जागा दिसली तर तिथे पांढऱ्या चादरीचा फोटो टाकायचा. लॉन्ड्रीच्या वेबसाइटवर चादर न शोभायला काय झालं!

शिवाय माझी स्मरणशक्ती आता नळातल्या जुन्या वॉशरसारखी गळकी झाली आहे. कुठली ओळ का झाकली ते लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक झाकलेल्या ओळीशेजारी मी स्वतःसाठी शेरा लिहीत असे. तोही पांढऱ्यात. आणि माणूस स्वतःसाठीच लिहितो म्हटल्यावर हात जरा सैल सुटतो, हे तुम्हालाही ठाऊक असेलच.

वेबसाइट झळकली. बायकोने ती दोनदा पाहिली आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली. "बरी दिसतेय हो," म्हणाली. तिच्या तोंडून "बरी" म्हणजे इतरांच्या तोंडून हार-तुरे!

मेव्हणीबाईंना मात्र एक ओळ खटकली. बायकोच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं: "गंज, शाई आणि कॉफीचा जुना डाग निघेलच असं नाही. नाही निघाला तर तोंडावर सांगू."

"असं कुणी लिहितं का?" मेव्हणीबाई कडाडल्या. "समोरचे लिहितात सगळे डाग जातात! भावोजी, ते काढा आधी!"

"पण ते खरं आहे, ताई," बायको म्हणाली.

"खरं आहे म्हणूनच काढा!"

बायको इस्त्रीकडे वळली. मी ओळ पांढरी केली आणि या वेळी तिच्या वर, ठळक काळ्यात लिहिलं: "सगळे डाग जातात!!" दोन उद्गारचिन्हं मेव्हणीबाईंच्या आग्रहावरून.

आमचे जावईबापू पोटापाण्यासाठी हेच काम करतात. दिवसभर कचेरीत बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट बनवतात. त्यांना मी मोठ्या ऐटीत आमची वेबसाइट दाखवली. त्यांनी माउस हातात घेतला आणि पानावरून वरपासून खालपर्यंत नुसता ओढला. त्याबरोबर सगळ्या पांढऱ्या ओळी निळ्या होऊन उठून उभ्या राहिल्या! भुतांचा मेळावाच जणू!

"बाबा, हे काय?"

"आतलं आहे ते."

"वरच्यापेक्षा आतलंच जास्त आहे! बाबा, कोड स्वच्छ हवा."

"त्याला काय आता आंघोळ घालू?"

"नको असलेलं काढून टाकायचं. फोटोंना नीट नावं द्यायची. शेरे लिहायला वेगळी सोय असते, ते पानावर नाही लिहायचे."

"जावईबापू," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "उभ्या आयुष्यात मी इतके पाइप भिंतीत गाडले. एका तरी माणसाने भिंत फोडून आतला पाइप सरळ आहे की वाकडा ते पाहिलं का? नळाला पाणी आलं की संपलं!"

"पाइप फुटला की बघतात, बाबा."

मी विषय बदलला. आणि ते गेल्यावर त्यांच्याबद्दल एक शेरा पानावर लिहून टाकला. पांढऱ्यात.

मग तो दिवस उजाडला. एका मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई लॉन्ड्री शोधत होत्या आणि दुपारी आमच्याकडे येणार होत्या. हॉटेल म्हणजे मजल्यावर मजले, खोल्यांमागून खोल्या आणि प्रत्येक खोलीत चादरी! ते काम मिळालं तर शटर ओढायचा प्रश्नच नव्हता. बायकोने सकाळपासून काउंटर इतका पुसला की लाकडाचा रंग बदलला. मेव्हणीबाईंनी नवा ब्लाउज घातला. जावईबापू शर्ट न्यायला आले होते, त्यांनाही चहाचा कप देऊन बसवून ठेवलं, घरात शिकलेला माणूस दिसावा म्हणून. शिवाय एक कोटवाले गृहस्थ होते. ते आमच्याकडे कायमच असतात. कोटाचं मधलं बटण आम्ही हरवलं असा त्यांचा दावा आहे आणि ते त्यासाठी नेमाने येतात.

मालकीणबाई आल्या. उंच बाई, काळा चष्मा, हातात घडीची काठी, मागे त्यांचा ड्रायव्हर. खुर्चीवर बसून त्यांनी काउंटरवरच्या चादरीवरून बोटं फिरवली, कड चाचपली, नाकाशी नेऊन वास घेतला. बायको चादरीची दुसरी कड सरळ करत राहिली.

"बाकीच्यांच्या वेबसाइट मी घरी ऐकल्या," बाई म्हणाल्या. "तुमची इथेच ऐकते. तुम्ही समोर असताना."

"ऐकायची कशाला, बाईसाहेब? बघा की!" मी म्हणालो.

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. इस्त्री परवडली!

"मला दिसत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा फोन वाचून दाखवतो. पानावर जे जे लिहिलेलं असेल ते."

"जे जे?" माझा आवाज बारीक झाला.

"जे जे."

"म्हणजे रंग वगैरे बघून...?"

"फोनला रंगाशी काय करायचंय?"

मी जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी छताकडे पाहिलं.

फोन काउंटरवर ठेवला गेला आणि बोलू लागला. बाईचाच आवाज, पण रागलोभाच्या पलीकडे गेलेल्या बाईचा.

"मथळा. आम्ही डाग झाकत नाही, काढतो."

बायकोची मान ताठ झाली.

"चित्र. चादर नवी. चित्र. चादर नवी शेवटची. चित्र. चादर नवी खरंच शेवटची. चित्र. चादर नवी आता हात लावायचा नाही."

"इतक्या चादरी?" बाईंनी विचारलं.

"माल भरपूर आहे!" मी म्हणालो.

"आमच्याकडे कपडे द्या आणि विसरून जा," फोन म्हणाला. "हे वाक्य हिने झाकायला लावलं. म्हणते, लोक खरंच विसरतात आणि ठेवायला जागा नाही."

"अहो, हे काय?" बायको पुटपुटली.

"प्रस्तावना!" मी म्हणालो आणि हळूच मागे सरकलो. एक मशीन चालू होतं, मी दुसरंही चालू केलं. रिकामं! त्याच्या घरघरीत फोनचा आवाज जरा बुडाला.

"...कोटाचं बटण आम्ही हरवलेलं नाही. ते त्यांच्या पोटाने उडवलं..."

कोटवाले गृहस्थ उठून उभे राहिले. "काय म्हणाला तो फोन? पोट?"

"ओट! काउंटरचा ओटा! स्वच्छ आहे म्हणतोय!" मी ओरडलो आणि तिसरं मशीन चालू केलं.

"अहो, रिकामी मशिनं का फिरवताय?" बायको ओरडली.

"बाईसाहेबांना ताकद दाखवतोय!"

बाईसाहेबांनी फोनचा आवाज वाढवला. मी चौथं मशीन चालू केलं. जमीन थरथरू लागली. हँगरवरचे कोट आपोआप नाचू लागले. त्या गदारोळातही फोन आपला वाचतच होता. "...जावई म्हणतात कोड स्वच्छ करा. घरी स्वतःचा कप उचलून ठेवत नाहीत आणि मला स्वच्छता..."

जावईबापूंनी समोरचा कप गुपचूप उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घालायला लागले.

आता मला पुढची ओळ आठवली. ती मेव्हणीबाईंबद्दल होती! माझं डोकं विजेसारखं चाललं. वीज! फोन इंटरनेटवर चालतो. इंटरनेटचा डबा भिंतीवर आहे. डबा विजेवर चालतो. बस्स! मी धावत मागच्या भिंतीपाशी गेलो आणि मुख्य बटण खाली पाडलं.

चारही मशिनं एकदम थांबली. दिवे गेले. पंखा थांबला. दुकानात अशी शांतता पसरली की इस्त्रीवरचा थेंब चुरचुरलेला ऐकू आला.

त्या शांततेत, घंटेसारखा खणखणीत, फोन म्हणाला: "मेव्हणीबाईंचा फोटो लहान केला. आधीच्या आकारात त्या आल्या की धुलाईचे दर पानाबाहेर जात होते. स्वभावही तसाच आहे."

"पान एकदा फोनमध्ये उतरलं की उतरलं, बाबा," जावईबापू मागून म्हणाले. "वीज घालवून उपयोग नसतो."

"भावोजी," मेव्हणीबाईंचा आवाज आला. फार हळू आला. मशीन फुटायच्या आधी असाच आवाज करतं.

मी काउंटरकडे झेपावलो. जवळचा ओला टॉवेल फोनवर टाकला. टॉवेलाखालून फोन वाचत राहिला, फक्त आता सर्दी झाल्यासारखा. ड्रायव्हरने टॉवेल उचलून माझ्या हातात दिला.

"थांबवू नका," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. "शेवटपर्यंत ऐकू द्या."

बायको कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दारावरच्या पाटीकडे बघत होती. तेव्हा मात्र मला कळून चुकलं. तिने इतकी वर्षं उभं राहून चालवलेलं दुकान मी एका दुपारी बुडवलं होतं. तेही पांढऱ्या शाईने.

"सगळे डाग जातात, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह," फोन म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या. "हे सगळ्यांकडे होतं."

त्या उठू लागल्या. काठी उघडली. फोन खिशात घालायला उचलला. पण फोनला कोण थांबवणार!

"गंज, शाई आणि कॉफीचा जुना डाग निघेलच असं नाही. नाही निघाला तर तोंडावर सांगू. ही ओळ मेव्हणीबाईंनी झाकायला लावली. हिला पटलं नाही. हिने त्या दिवशी शर्टांवरचे डाग काढले, पण माझ्याशी एक शब्द काढला नाही. दुकान हिचं आहे. ओळ खरी आहे. पुन्हा काळी करायची, पण मेव्हणीबाई घरी गेल्यावर."

फोन थांबला. पान संपलं होतं.

मालकीणबाई परत बसल्या.

"कॉफीचा जुना डाग खरंच निघत नाही?" त्यांनी बायकोच्या दिशेने तोंड करून विचारलं. कशी कळली दिशा कोण जाणे!

बायकोने थोरल्या बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उन्हात वाळला असला तर नाही निघत, बाई. फिका होतो. काढला म्हणून कुणी सांगितलं तर ते खोटं."

"माझ्याकडे वर्षानुवर्षं सगळे डाग जातात," बाई म्हणाल्या. "ज्याला विचारावं तो म्हणतो, गेला! मला दिसत नाही म्हणून म्हणतात. मग पाहुणा येऊन सांगतो की चादरीवर डाग आहे." त्या जरा थांबल्या. "चादरी उद्यापासून पाठवते. पडद्यांचं नंतर बघू. आणि ती ओळ वर घ्या. सगळ्यांत वर."

"घेतो!" मी म्हणालो. "आत्ता घेतो!"

"आणि तो फोटो," बाई उठता उठता म्हणाल्या, "मोठा करा. बाईंचा आवाज ऐकूनच कळतं, त्या लहान आकाराच्या नाहीत." आणि दाराबाहेर गेल्यावर त्या एवढ्या जोरात हसल्या की रस्त्यापलीकडच्या लॉन्ड्रीतली माणसं कॉफी घेऊन बाहेर आली.

जावईबापूंनी मग बसून वेबसाइट स्वच्छ केली. एकेक कंस तपासला, चादरी काढल्या, शेरे काढले. चादरीच इतक्या निघाल्या की त्या घडी घालून कपाटात ठेवाव्यात असं मला वाटलं. हॉटेलच्या चादरी मात्र खऱ्याच येतात आणि बायको पुन्हा भांडी आपटते. घरात सुख आहे.

मेव्हणीबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर असलो तरी "भावोजींना सांग, सरक म्हणावं" असं बायकोमार्फत येतं. त्यांचा फोटो मी स्वतःच्या हाताने मोठा केला. आता आमची वेबसाइट उघडली की आधी मेव्हणीबाई येऊ लागतात आणि बराच वेळ येतच राहतात. कोटवाल्यांना बायकोने स्वतःच्या डब्यातलं एक बटण लावून दिलं. ते परवा पुन्हा आले होते. उडालं.

तर कोड स्वच्छ हवा की नको? जावईबापू म्हणतात, हवाच. मी त्यांना एवढंच विचारतो, हॉटेलचं काम कुणाच्या कोडाने मिळालं? त्यावर ते उठून स्वतःचा कप विसळतात. म्हणजे माझ्या कोडाने दोन गोष्टी स्वच्छ झाल्या, हॉटेलच्या चादरी आणि जावयाचा कप!

जाता जाता एक सांगतो. या गोष्टीत मघाशी हिच्या घोरण्याबद्दल चांगली दोन-तीन वाक्यं होती. फक्कड जमली होती. ती मी पांढरी करणार होतो. पण हिने परवा जावईबापूंकडून स्वतःच्या फोनमध्ये तेच वाचणारं यंत्र चालू करून घेतलंय आणि मी काहीही लिहिलं की ते माझ्यासमोर ठेवून ऐकते.

म्हणून मी ती खोडली. आमच्या बाई मला क्षमा करोत.